दुर्बीण आली, उस्ताद कुठं आहे?

मोहल्ल्यात कुणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की तो वाचून घ्यायला माणसं माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. इंग्रजी वाचता येतं आणि पेशंटसोबत परभणीला जायला वेळ काढतो, एवढीच माझी लायकी. या रिपोर्टांत पित्ताशयातले खडे हे प्रकरण मला सतत भेटतं, आणि बहुतेक वेळा पेशंट बाई असते. यात मानवतचा काही विशेष नाही. जगभर पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात. घरात मात्र 'ॲसिडिटी' म्हणत वर्ष-दोन वर्षं काढली जातात. रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत जाते, उलटी होते. सोडा-लिंबू पिऊन झोपायचं. रमजानात इफ्तारची भजी खाऊन कळ उठली तर रोजा लागला म्हणायचं. मग एक दिवस डोळे पिवळे होतात आणि धावपळ सुरू होते.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. दुर्बिणीचं ऑपरेशन, तीन-चार छोटी भोकं, दोन दिवसांत घरी. आणि बहुतेक वेळा खरंच तसंच होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी खडे पोटात घेऊन घरी बसू नये.

मला लिहायचंय ते हे ऑपरेशन शिकण्या-शिकवण्याबद्दल. यकृत आणि पित्तनलिकांचे सर्जन तयार करण्यासाठी काय काय नवं आलंय याच्या बातम्या मी आवडीनं वाचतो. डोळ्यांवर चष्मा चढवून हवेत तरंगणारं यकृत फिरवून बघणारे डॉक्टर, रोबोटचे हात, थ्रीडी प्रिंटरवर छापून काढलेलं पेशंटचं यकृत, पडद्यावर 'इथं कापू नका' असं रंगवून दाखवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. छान आहे. माझा प्रश्न एवढाच की ही शाळा भरते कुणासाठी? मानवतच्या बाईचं पित्ताशय मुंबईचा यकृततज्ज्ञ काढत नाही. ते परभणीचा, फार तर नांदेडचा किंवा औरंगाबादचा जनरल सर्जन काढतो. यकृततज्ज्ञाची गाठ पडते ती बिघडल्यावर.

बिघडतं कसं, ते आधी पाहू. यकृतात पित्त तयार होतं. उजव्या-डाव्या बाजूच्या नळ्या एकत्र येऊन एक मोठी नळी होते आणि ती आतड्याकडे जाते. या मोठ्या नळीला मध्येच एक फाटा असतो, त्याच्या टोकाला पित्ताची पिशवी. गावाकडून निघालेला रस्ता आणि त्याला फुटलेली एखाद्या आखाड्याची पायवाट, असं समजा. सर्जनला पायवाट बंद करायची असते, रस्ता नाही. पण ही मोठी नळी पेन्सिलीहून जाड नसते. पिशवीला पुन्हा पुन्हा सूज येऊन गेली असेल तर पिशवीची मान त्या नळीला चिकटते, फाटा दिसेनासा होतो, आणि पिशवी ओढून धरली की मोठी नळीच सरळ रेषेत येऊन फाट्यासारखी दिसायला लागते. सर्जन तिच्यावर क्लिप लावतो आणि कापतो. त्या क्षणी त्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. बाहेर येऊन तो नातेवाइकांना डबीतले खडे दाखवतो. दोन-चार दिवसांनी पोट फुगतं, ताप भरतो, डोळे पिवळे होतात.

अमेरिकेत लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिका अशा कापल्या गेलेल्या २५२ केसेस तपासल्या. माणूस बघतो कसा, ठरवतो कसा, या मानसशास्त्राच्या अंगानं केलेला हा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. त्यांना ९७ टक्के केसेसमध्ये मूळ कारण सापडलं ते नजरेची फसगत. हाताचं कसब कमी पडलं असं फक्त ३ टक्क्यांत. मला हा आकडा कळला तेव्हा मी दोनदा वाचला. आपण सर्जनला 'हात चांगला आहे' म्हणून वाखाणतो. हात चांगलाच होता, डोळ्यानं दगा दिला.

याच गटाच्या १९९५ च्या अभ्यासात आणखी एक हिशेब आहे. नळी ज्याच्याकडून कापली गेली त्याच सर्जननं स्वतः दुरुस्तीचा पहिला प्रयत्न केला तेव्हा तो १७ टक्के वेळा टिकला; पित्तनलिकांच्या जाणत्या सर्जननं मोठ्या केंद्रात केला तेव्हा ९४ टक्के. म्हणजे नळी कापली गेल्यावरही पेशंटचं नशीब ठरायचं बाकी असतं. ते ठरतं सर्जननं फोन उचलून 'माझ्याकडून असं झालंय, पाठवू का?' असं विचारण्यावर. नाही विचारलं तर नळी आक्रसते, पित्त तुंबतं, ताप-कावीळ पुन्हा पुन्हा येतात, आणि काहींचं यकृत वर्षांनी निकामी होतं. इकडे त्याचा अर्थ असा होतो: परभणीहून देवगिरी एक्सप्रेस, मुंबईत कुणाच्या तरी खोलीत महिना-महिना मुक्काम, आणि गावात अडत्याकडून घेतलेली उचल.

एका बाईला मी या चक्रातून जाताना पाहिलंय. कुठल्या दवाखान्यात झालं ते लिहिण्यात अर्थ नाही, तसं कुठंही होऊ शकतं. पोटातून काढलेली एक नळी आणि तिच्या टोकाला हिरवट पित्त साठणारी प्लास्टिकची पिशवी, असं कित्येक आठवडे तिच्या कमरेला होतं. तिची पहिली चिंता तब्येतीची नव्हती. वुजू टिकतो का, नमाज होते का, ही होती. मौलानांनी समजावलं की तू माजूर आहेस, प्रत्येक वक्ताला नवा वुजू कर आणि नमाज पढ. तिचा जीव भांड्यात पडला. ती पिशवी कधी निघणार हे मात्र तिला कुणी सांगत नव्हतं. घरचे म्हणायचे, अल्लाहची मर्जी.

आता दुर्बीण आली कशी ते थोडक्यात. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांना शाबासकीपेक्षा टीकाच जास्त मिळाली. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी केलं आणि जग त्यामागे धावलं. भारतात हे ऑपरेशन पहिल्यांदा झालं ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, ३१ मे १९९० रोजी, डॉ. तेहेमतन उदवाडियांच्या हातून. सरकारी दवाखान्यात, गरिबांच्या जे. जे. मध्ये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. उदवाडिया पोटात दुर्बीण घालून नुसतं बघत होते ते १९७२ पासून. निदानासाठी. म्हणजे कात्री चालवण्याआधी अठरा वर्षं त्यांनी नजर घडवली होती. पुढे ते छोट्या छोट्या गावांत जाऊन हे शिकवत फिरले. २०२३ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा 'भारतातल्या लॅपरोस्कोपीचे जनक' असे मथळे आले. त्या अठरा वर्षांचा मथळा कुणी केला नाही.

कारण बाकीच्यांना अठरा वर्षं नव्हती. पेशंट दुर्बीण मागत होते, कंपन्या दुर्बिणी विकत होत्या, आणि शनिवार-रविवारच्या कोर्सला जाऊन सोमवारी सुरुवात करणारे सर्जन जगभर होते. पोट उघडून करायच्या ऑपरेशनपेक्षा नळी कापली जाण्याचं प्रमाण वाढलं. न्यूयॉर्क राज्याला १९९२ मध्ये सूचना काढावी लागली की एकट्यानं करण्याआधी किमान १५ ऑपरेशनं जाणत्याच्या देखरेखीखाली करा. १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी नियम मांडला: काहीही कापण्याआधी त्या त्रिकोणी जागेतली चरबी साफ करा, पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पिशवीत फक्त दोनच गोष्टी जाताना डोळ्यांनी बघा, एक नळी, एक रक्तवाहिनी. दोन दिसल्या तरच कापा. नाही दिसल्या तर थांबा, दुसरा मार्ग घ्या: पिशवी अर्धवट काढा, पोट उघडा, किंवा नुसती नळी ठेवून बाहेर या.

या नियमाला एक पैशाचं यंत्र लागत नाही. लागतो तो शेजारी उभा राहून 'अजून दिसलं नाही, थांब' म्हणणारा उस्ताद.

उस्ताद शब्द आला म्हणून सांगतो. बकरी ईदला ज्यानं कुर्बानीचं काम जवळून पाहिलंय त्याला पित्ताची पिशवी काय चीज आहे हे वेगळं शिकवावं लागत नाही. कलेजी बाहेर आली की जाणता कसाई सगळ्यात आधी ती हिरवी पिशवी शोधतो, मानेशी चिमटीत धरतो, आणि कलेजीचा थोडा तुकडा सोबत गेला तरी चालेल पण ती फुटू देत नाही. फुटली की कलेजी कडू. नवा पोरगा असेल तर उस्ताद त्याला सुरी देत नाही. दोन-तीन ईदा तो फक्त पातेलं धरतो आणि बघतो. तिसऱ्या ईदेला उस्ताद विचारतो, दाखव पिशवी कुठंय. बोटानं बरोबर दाखवली तर सुरी. सर्जन आणि कसाई यांची तुलना डॉक्टर मंडळींना झोंबेल. माझा तसा हेतू नाही. शिकवण्याचा क्रम बघा, एवढंच म्हणणं आहे. आधी बघणं, मग दाखवणं, मग हात.

सर्जरीतही हाच क्रम होता. अमेरिकेतले विल्यम हॉल्स्टेड, ज्यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सर्जनांच्या शिकण्याची आजची पायरी-पायरीची पद्धत बसवली, त्यांनी १८८२ मध्ये रात्री दोन वाजता स्वतःच्या आईचं पित्ताशय उघडून सात खडे काढले होते. पुढे त्यांनाही पित्ताचे खडे झाले, त्यांच्या शिष्यांनीच त्यांचं ऑपरेशन केलं, आणि १९२२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशननंतर ते वारले. त्यांच्या पद्धतीत शिष्य वर्षानुवर्षं एकाच उस्तादाच्या शेजारी उभा असायचा. त्याहून फार मागे, हजार वर्षांपूर्वी, कुर्तुब्याजवळ अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अल-तसरीफ' लिहिलं. त्याच्या शेवटच्या, शस्त्रक्रियेच्या भागात जवळपास दोनशे हत्यारांची चित्रं आहेत. हत्यार शब्दांत सांगून कळत नाही म्हणून काढून दाखवलं. त्या काळचं ते नवं तंत्रज्ञानच. आणि त्याच भागाच्या सुरुवातीला ते एका अडाणी वैद्याची हकीकत सांगतात, ज्यानं एका बाईच्या मानेवरची गाठ कापताना धमनी कापली आणि ती त्याच्यासमोरच गेली. अल-जहरावींचा आपल्याकडे जयंती-पुण्यतिथीला उदोउदो होतो, 'आपण युरोपला सर्जरी शिकवली' वगैरे. ही हकीकत कुणी सांगत नाही. त्यांनी पुस्तक लिहिलं ते अभिमान मिरवायला नव्हे, आजूबाजूचे लोक शरीर न ओळखता कापत होते म्हणून.

आता नव्या यंत्रांकडे. आभासी सिम्युलेटरवर सराव केलेल्यांना खरोखर फायदा होतो का, याचा एक जुना आणि स्वच्छ प्रयोग अमेरिकेत येल विद्यापीठात झाला, २००२ मध्ये छापला. १६ शिकाऊ सर्जन, निम्म्यांना सिम्युलेटरचा सराव, निम्म्यांना नाही, आणि परीक्षा खऱ्या पित्ताशयावर. सराव केलेल्यांनी पिशवी यकृतापासून २९ टक्के लवकर सोडवली. सराव न केलेल्यांकडून पिशवीला इजा किंवा भलत्या जागी जाळणं पाचपट होत होतं. तेव्हा पेशंटच्या पोटात शिकण्याआधी बाहेर शिका, याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. पण त्यासाठी कोटींचं यंत्र लागतंच असं नाही. एक खोका, त्याला दोन भोकं, आत मोबाइलचा कॅमेरा, बाहेर पडदा, जुनी झालेली दुर्बिणीची हत्यारं, आणि आत बकऱ्याची ताजी कलेजी पित्ताच्या पिशवीसकट. मानवतच्या कुठल्याही मटणाच्या दुकानात सांगून ठेवलं तर सकाळी मिळते. याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचासारख्या गावात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी निर्जंतुक करून हर्नियाच्या ऑपरेशनला वापरली आणि रीतसर अभ्यास करून छापली. महाग जाळी परवडत नाही म्हणून गरिबाचा हर्निया थांबला नाही. ती वृत्ती शिकवण्यात का येत नाही?

तरी खोका हात शिकवतो. ९७ टक्क्यांचं काय? नजरेसाठी जे हवं ते तंत्रज्ञान प्रत्येक दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आधीच हजर आहे आणि वाया जातंय. ऑपरेशन पडद्यावर बघूनच होतं. म्हणजे ते रेकॉर्ड करायला फक्त बटण दाबायचंय. पोट उघडून करायच्या काळात सर्जननं आत काय बघितलं हे दुसऱ्याला कधी कळायचं नाही. आता सगळं दिसतं, आणि आपण ते पुसून टाकतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लठ्ठपणाची ऑपरेशनं करणाऱ्या २० सर्जननी आपापला एकेक व्हिडिओ दिला, इतर सर्जननी नाव न कळता त्यांना गुण दिले. २०१३ चा हा अभ्यास. सगळ्यात कमी गुण मिळालेल्या गटाच्या पेशंटांना १४.५ टक्के गुंतागुंत झाली, सगळ्यात जास्त गुणवाल्यांच्या ५.२ टक्के. एकेका व्हिडिओवरून एवढं कळतं.

कृत्रिम बुद्धिमत्ताही शेवटी याच व्हिडिओंवर वाढते. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये १३ सर्जनांच्या ८० पित्ताशय ऑपरेशनांचे व्हिडिओ जमवून संशोधकांसाठी खुले केले गेले, आणि जगभरच्या कितीतरी प्रणाली त्यांच्यावर शिकल्या. टोरंटोच्या मंडळींनी अशी प्रणाली केली जी ऑपरेशनच्या चित्रावर कापायला सुरक्षित आणि धोक्याची जागा वेगवेगळी रंगवते. मला यात खरी आशा दिसते, कारण ही पहिलीच गोष्ट जी हात सोडून डोळ्याला मदत करते. पण दोन-दोन वर्षं 'ॲसिडिटी'च्या गोळ्या खाऊन आलेली, सुजून-चिकटून दगड झालेली आमच्याकडची पिशवी त्या यंत्रानं पाहिली आहे का? न पाहिलेली गोष्ट ते ओळखणार कसं? शागीर्द हुशार आहे, पण त्यानं भलत्याच गावातल्या ईदा पाहिल्यात. आमच्या जिल्ह्यांतले व्हिडिओ जमले पाहिजेत ते यासाठीही.

स्ट्रासबर्गचंच आणखी एक. ७ सप्टेंबर २००१ रोजी तिथं टेबलावर असलेल्या ६८ वर्षांच्या बाईचं पित्ताशय झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून रोबोटनं काढलं. मधे अख्खा अटलांटिक. पंचवीस वर्षं होत आली त्याला. समुद्रापार हात पोचवण्याचा तो पराक्रम खरा, पण ऑपरेशन चालू असताना परभणीहून औरंगाबादच्या घाटीतल्या प्राध्यापकाला मोबाइलवर पडदा दाखवून 'सर, ही कुठली नळी?' असं विचारणं त्यापेक्षा किती स्वस्त आहे याचा हिशेब मला करता येतो. इथं हात पोचवायचाच नाहीये. नुसती नजर पोचवायचीय.

रोबोट, थ्रीडी यकृत यांना माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. यकृताचा अर्धा भाग बापाला देणाऱ्या मुलाच्या पोटात शिरण्याआधी सर्जननं त्या यकृतातल्या नळ्यांची हुबेहूब प्रतिकृती हातात फिरवून पाहिली तर उत्तमच. ते काम मोठ्या शहरातच होणार, तिथंच ती यंत्रं असावीत. माझी तक्रार पैशाच्या वाटपाबद्दल आहे. एका रोबोटच्या किमतीत किती जिल्ह्यांत खोके, रेकॉर्डर आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ बघायला बसणाऱ्या जाणत्या सर्जनचं मानधन बसेल, हा प्रश्न अंदाजपत्रक करणाऱ्यांनी एकदा तरी मांडावा. रिबीन रोबोटसमोर कापता येते, व्हिडिओ बघत बसलेल्या चार डॉक्टरांसमोर कापता येत नाही, ही खरी अडचण असावी.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. सर्जन रेकॉर्ड का करत नाहीत हे मी एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, 'उद्या तोच व्हिडिओ ग्राहक मंचात लावाल. नाहीतर व्हॉट्सॲपवर.' चुकीचं नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून डॉक्टर ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहेत, ते असायलाच हवेत. पण दवाखान्याच्या काचा फोडणारा जमावही आपलाच आहे. २०१० मध्ये महाराष्ट्राला डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो उगीच नाही. घाबरलेला माणूस रेकॉर्ड करत नाही, आणि चूक झाली की फोनही करत नाही. तो स्वतःच दुरुस्ती करायला जातो. १७ टक्के.

म्हणून शिकण्यासाठीचे व्हिडिओ वेगळे धरा, त्यातून सर्जनचं आणि पेशंटचं नाव काढा, पेशंटची परवानगी घ्या, आणि त्यांचा वापर खटल्यात होणार नाही अशी कायद्यात तजवीज करा. पेशंटला मात्र त्याच्या स्वतःच्या ऑपरेशनची प्रत द्या. ती त्याच्या शरीराची गोष्ट आहे, आणि पुढे मुंबईला जायची वेळ आलीच तर तिथल्या सर्जनला नेमकी कुठली नळी कुठं कापलीय हे त्यातूनच दिसेल. या दोन मागण्या एकमेकींना अडतात, मला माहीत आहे. पेशंटकडे प्रत असेल तर खटल्यात ती येणारच. तरीही दोन्हींपैकी एक सोडायची झाली तर मी पेशंटची प्रत सोडणार नाही.

इथं आपल्या घरातलंही थोडं बोलायला हवं. 'अल्लाहची मर्जी' हे वाक्य दुःख पचवायला आहे, विचारपूस बंद करायला नाही. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे, तिचा आशय असा की ज्याला वैद्यकी येत असल्याचं ठाऊक नाही त्यानं उपचार केले तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर. मूळ अरबी शब्द आहे 'जामिन'. आपला मराठीतला, कोर्टकचेरीतला जामीन तोच. फिकहच्या विद्वानांनी यावर बारकाईनं विचार केलाय: जाणत्या आणि नीट काम करणाऱ्या वैद्याच्या हातून अपघात झाला तर एक न्याय, न शिकता हात घालणाऱ्याला दुसरा. म्हणजे प्रश्न विचारायचा तो हाच, की तू शिकला होतास का, कुणाकडे, आणि ज्याच्याकडे शिकलास त्यानं तुला सुरी दिली होती का. हे विचारणं ईमानाविरुद्ध नाही. कमरेला पित्ताची पिशवी लावून नमाज पढणाऱ्या त्या बाईला सबर शिकवायची गरज नव्हती. तो तिच्याकडे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त होता.

मोहल्ल्यातल्या लोकांना मी अलीकडे ऑपरेशनआधी तीन गोष्टी विचारायला सांगतो. आत अडचण दिसली तर पोट उघडाल किंवा थांबाल ना? आम्ही त्याला अपयश म्हणणार नाही. रेकॉर्डिंग मिळेल का? आणि काही झालंच तर कुठं पाठवता? पहिला प्रश्न ऐकून एक सर्जन चक्क खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, थांबायची परवानगी घेऊन येणारे पेशंट कमीच. 'दुर्बिणीनंच पाहिजे, टाका नको' असंच सगळे सांगतात.

परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १०० जागांचं. वैद्यकीय महाविद्यालयाला कौशल्य प्रयोगशाळा नियमानंच लागते. तिच्या एका कोपऱ्यात ते खोके मावतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, म्हणजे मोठ्या कॉलेजात ज्यांनी चांगला उस्ताद पाहिलाय अशी तरुण पोरं जिल्ह्यांत येणार. त्यांनी आणि खासगी दवाखान्यांतल्या सर्जननी महिन्यातून एका रविवारी एकत्र बसून आपापला एक अवघड व्हिडिओ दाखवावा, नाव झाकून. चहा महाविद्यालयानं द्यावा. परभणीची पहिली तुकडी डॉक्टर होऊन, इंटर्नशिप करून, पुढे त्यातलं कुणी सर्जन व्हायला २०३२ उजाडेल. कापसाचा हंगाम संपला, हातात पैसा आला की मानवतहून पित्ताच्या खड्यांच्या बायका तोपर्यंत दरवर्षी परभणीच्या रस्त्याला लागणार आहेत.